इगी पॉप: आधी 'पोस्ट पॉप डिप्रेशन' घ्यावा की 'एव्हरी लूझर'?

अमेरिकन रॉक गायक इगी पॉपच्या स्टूजेस या बँडच्या १९६९, १९७० आणि १९७३ च्या तिन्ही रेकॉर्ड कानाखालून गेल्या, १९७७ चे त्याचे एकट्याचे 'द इडियट' आणि 'लस्ट फॉर लाइफ'ही झाले, की पुढचा प्रश्न ठरलेला: उतारवयातल्या इगीचं काय घ्यावं? २०१९ चा 'फ्री' चांगला आहे, पण तो ट्रम्पेट आणि रात्रीच्या शांततेचा अल्बम, त्याची जात वेगळी. खरा सामना दोघांतच. मार्च २०१६ चा 'पोस्ट पॉप डिप्रेशन', तेव्हा इगी ६८ वर्षांचा. आणि जानेवारी २०२३ चा 'एव्हरी लूझर', तेव्हा ७५ चा. दोन्ही वेळी त्याने इतरांना हाताशी धरून पुनरागमन केलं, पण हात धरायची तऱ्हा इतकी वेगळी आहे की एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच असं नाही.

२०१६ चा अल्बम चार जणांचा. क्वीन्स ऑफ द स्टोन एजचा जॉश होमी आणि त्याच बँडमधला डीन फर्टीटा, आर्क्टिक मंकीजचा ड्रमर मॅट हेल्डर्स, आणि इगी. संपला हिशेब. काम झालं ते कॅलिफोर्नियाच्या जोशुआ ट्री वाळवंटातल्या रँचो दे ला लूना इथे आणि होमीच्या स्वतःच्या बरबँकमधल्या स्टुडिओत, २०१५ च्या सुरुवातीला. खर्च इगी आणि होमीने खिशातून केला आणि जानेवारी २०१६ पर्यंत बाहेर कोणाला पत्ता लागू दिला नाही. कंपनीचा माणूस डोक्यावर बसलेला नसला की काय होतं, ते गाण्यांच्या लांबीत दिसतं: नऊ गाणी, साधारण ४२ मिनिटं, आणि त्यातली दोन सहा मिनिटांच्या पुढे.

२०२३ चा अल्बम म्हणजे पंगत. निर्माता अँड्र्यू वॉट. ऑझी ऑस्बॉर्नचे २०२० आणि २०२२ चे अल्बम त्याचेच, आणि 'एव्हरी लूझर' आला त्याच वर्षी पुढे रोलिंग स्टोन्सचाही त्यानेच केला. पानावर कोण कोण बसलंय पाहा: गन्स अँड रोझेसचा डफ मॅकेगन, रेड हॉट चिली पेपर्सचा चॅड स्मिथ, पर्ल जॅमचा स्टोन गोसार्ड, ब्लिंक-१८२ चा ट्रॅव्हिस बार्कर, जेन्स अ‍ॅडिक्शनचा डेव्ह नवारो, आणि मार्च २०२२ मध्ये वारलेला फू फायटर्सचा ड्रमर टेलर हॉकिन्स. अकरा तुकडे, त्यातले दोन नुसते मधले बोलके ठिगळ, एकूण ३६-३७ मिनिटं. मुखपृष्ठ रेमंड पेटिबॉनचं. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडची चित्रं काढणारा तोच हा, त्यामुळे नुसतं पाकीट पाहून घ्यायचं असेल तर इथेच निकाल लागतो.

पंगतीचा प्रयोग इगीने आधीही केला होता. २००३ च्या 'स्कल रिंग'मध्ये ग्रीन डे, सम ४१, पीचेस आणि चक्क पुन्हा एकत्र आलेले स्टूजेस होते. तो ऐकला असेल तर दुखणं माहीत आहे: दर दोन गाण्यांनी घर बदलतं. 'एव्हरी लूझर' त्यापेक्षा पुष्कळ एकजीव आहे, याचं श्रेय वॉटला द्यायलाच हवं. अकरा तुकड्यांवर त्याचा एकच हात फिरलेला कळतो.

गंमत अशी की माझी तक्रार त्या हाताबद्दलच आहे.

'एव्हरी लूझर'मध्ये आवाज कधी खाली येतच नाही. 'फ्रेन्झी'चा पहिला रिफ, म्हणजे गिटारची घोळून येणारी चाल, ज्या पातळीवर सुरू होतो, त्याच पातळीवर श्लोकभागही येतो आणि ध्रुवपदही. गिटार, बेस, झांजा, इगी, सगळे एकाच ओळीत कानाला खेटून उभे. तंत्राच्या भाषेत हे लिमिटरचं काम. ड्रमच्या ठोक्याचं वर निघणारं टोक छाटायचं आणि मग अख्खं गाणं वर उचलायचं. गाडीत, जिममध्ये, मोबाइलच्या टिचभर स्पीकरवर याचा फायदाच होतो, कारण गोंगाटातही काही हरवत नाही. पण घरी हेडफोनवर सलग ऐकताना चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत कान शिणतात आणि हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. आवाज कमी केला की गाणं लहान होत नाही, नुसतं चपटं होतं. कदाचित माझे कान नाजूक असतील. तरी सहज तपासता येण्यासारखी गोष्ट आहे, विकत घेण्यापूर्वी तपासाच.

स्पॉटिफायच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओ नॉर्मलायझेशन चालू करा आणि पातळी 'नॉर्मल' ठेवा, म्हणजे प्रत्येक गाणं सुमारे उणे १४ एलयूएफएसवर (सरासरी आवाज मोजायचं एकक) आणलं जातं. 'लाउड' ठेवू नका. तिथे लक्ष्य उणे ११ असतं आणि शांत गाण्यांवर अ‍ॅप स्वतःचा लिमिटर चढवतं, म्हणजे तपासणीच बिघडली. इक्वलायझर बंद. मग एक छोटी प्लेलिस्ट करा: 'संडे', 'फ्रेन्झी', 'जर्मन डेज', 'मॉडर्न डे रिप ऑफ'. पहिलं आणि तिसरं 'पोस्ट पॉप डिप्रेशन'मधलं, उरलेली दोन 'एव्हरी लूझर'मधली. प्लेलिस्टच हवी, कारण अल्बम क्रमाने लावला तर अ‍ॅप अख्ख्या अल्बमचा आवाज एका मापाने हलवतं, प्लेलिस्टमध्ये मात्र गाण्यागणिक. आता सुरुवातीला आवाज एकदाच ठरवा, पुन्हा हात लावू नका, आणि फक्त स्नेअर ड्रमकडे कान द्या. आवाजाची सरासरी सारखी असूनही हेल्डर्सचा ठोका गाण्यातून वर उसळतो की नाही, आणि 'मॉडर्न डे रिप ऑफ'मधला ठोका गिटारच्या भिंतीतच राहतो की नाही, एवढंच पाहायचं. छाटलेलं टोक आवाज खाली आणल्यावर परत उगवत नाही, हे त्यामागचं कारण. मग नॉर्मलायझेशन बंद करून तीच यादी पुन्हा लावा. बटण कुठल्या गाण्याला किती खाली न्यावं लागतं, तेच तुमचं मोजमाप. फरक जाणवलाच नाही, तर माझा अर्धा लेख तुमच्या कामाचा नाही आणि 'एव्हरी लूझर' खुशाल घ्या.

कारण गाणी म्हणून त्यात दम आहे. 'स्ट्रंग आउट जॉनी' व्यसनाच्या पायऱ्या एक-दोन-तीन अशा मोजत उतरतं, आणि ते इगीच्या खर्जात आहे म्हणून जास्त लागतं. 'न्यू अटलांटिस' मायामीवर आहे, त्याच्या राहत्या शहरावर, जे समुद्र हळूहळू गिळतोय. 'मॉर्निंग शो' संथ आहे आणि अख्ख्या अल्बममध्ये श्वास घ्यायला तेवढीच जागा. 'निओ पंक'मध्ये आजच्या चकचकीत पंकांची टर उडवायची आणि ड्रम वाजवायला ट्रॅव्हिस बार्करलाच बोलवायचं, हा आगाऊपणा फक्त इगीलाच शोभतो. 'कॉमेंट्स' आणि शेवटचं 'द रिजन्सी' या दोन्हींत हॉकिन्स आहे. 'द रिजन्सी' हळू सुरू होऊन मग सुटतं, आणि तिथे चेपलेल्या आवाजातूनही ड्रमर जिवंत जाणवतो.

पण तीन-तीन ड्रमर: स्मिथ, बार्कर, हॉकिन्स. आपल्याकडच्या भाषेत, एकाच मैफलीत दर दोन चिजांनंतर तबलजी बदलावा तसं. तिघेही पट्टीचे. तरीही गायक साथीदाराकडे पाहून थांबतोय, लय ओढतोय, मुद्दाम मागे राहतोय, हे घडायला दोघांना एका खोलीत काही दिवस काढावे लागतात. 'पोस्ट पॉप डिप्रेशन'मध्ये ते ऐकू येतं. 'संडे'मध्ये हेल्डर्स आणि बेस मिळून एकच चाल चार-पाच मिनिटं फिरवत राहतात, इगी त्यावर जवळपास बोलतो, आणि चाल पुरती मुरल्यावर सगळा बँड गप्प होऊन तंतुवाद्यांचा वॉल्ट्झ येतो. 'अमेरिकन व्हॅलहला'च्या शेवटी वाद्यं निघून जातात आणि म्हातारा एकटा उरतो. ही शांतता नीट ऐकू यावी इतकी जागा त्या ध्वनिमुद्रणात राखलेली आहे, आणि माझं पारडं तिथेच झुकलं.

तो अल्बमही निर्दोष नाही, हे सांगायला हवं. पहिली अडचण म्हणजे होमी. त्याची गिटार इतकी ओळखू येते की 'ब्रेक इंटू युअर हार्ट' किंवा 'इन द लॉबी' ऐकताना आपण क्वीन्सची रेकॉर्ड लावली की काय असं वाटतं. ती कोरडी, थोडी तिरकी चाल ज्याला मानवत नाही त्याला हा अल्बम मानवणार नाही. दुसरी, गायक डेव्हिड बोवीची सावली. १९७७ चे ते दोन अल्बम इगीने त्याच्याच सोबतीने केले होते. काम सुरू होण्याआधी इगीने होमीला बोवीसोबतच्या बर्लिनच्या दिवसांबद्दल लिहून पाठवलं होतं. 'जर्मन डेज' तर सरळ त्या काळात जाऊन बसतं. त्यात डेव्हिड बोवी १० जानेवारी २०१६ ला गेला आणि अल्बम त्यानंतर दोन महिन्यांनी आला, त्यामुळे लोकांनी तो श्रद्धांजली म्हणूनच ऐकला. तसा तो नव्हे, काम वर्षभर आधीच झालं होतं. तिसरी, 'व्हल्चर'. अकूस्टिक गिटारवरचं ते छोटं गाणं मध्येच बसकण मारतं. आणि स्टूजेसची धडक शोधत असाल तर इथे एकही गाणं त्या वेगाचं नाही. ती हौस 'एव्हरी लूझर'च पुरवतो.

बाहेरच्या मापांनी पाहिलं तर २०१६ चा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १७ व्या क्रमांकावर गेला. इतक्या वर्षांत पहिल्या ४० मध्ये गेलेला इगीचा हा पहिलाच. ग्रॅमीचं नामांकनही मिळालं, आणि त्या गटात जिंकला तो बोवीचा शेवटचा अल्बम. नियती कधीकधी फारच ढोबळ लिहिते.

एलपी घेणार असाल तर हिशेब थोडा उलटतो, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. एका बाजूला १८ मिनिटांच्या आसपास असेल तर खाचा ऐसपैस कापता येतात आणि पातळी चांगली राहते. 'एव्हरी लूझर' तिथे आरामात बसतो. ४२ मिनिटांच्या अल्बमला बाजू २१ च्या घरात न्यावी लागते, पातळी थोडी उतरते, अ‍ॅम्प्लिफायर जास्त उघडावा लागतो आणि शांत जागी चरचर उघडी पडते. 'पोस्ट पॉप डिप्रेशन'मध्ये नेमक्या शांत जागाच मोलाच्या. म्हणून तबकडी पहिल्या दिवशीच धुऊन घ्या, कागदी पाकिटाऐवजी आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं पाकीट वापरा, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत राहत असाल तर भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी आधी तिथेच धरते.

आणखी एक. शेवटचं 'पॅराग्वे' अर्थातच बाजूच्या अगदी आतल्या खाचांत येतं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच वाचते, आत पोचेपर्यंत ते २१ वर येतं. तेवढ्या दाटीत 'स', 'श' फाटायला वेळ लागत नाही, आणि हे गाणं नेमकं इगीच्या लांबलचक, तोंडाला येईल ते बोलणाऱ्या संतापावर संपतं. तिथे आवाज फुटला तर लगेच तबकडीला दोष देऊ नका. आधी कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) कोन प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोनमापकावर, तपासा, मग सुईचा भार उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे न्या. खूप हलका भार ठेवल्याने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे, सैल सुईच खाच जास्त ओरबाडते. दोन्ही करूनही फुटला तर मात्र बदलून मागा.

'पोस्ट पॉप डिप्रेशन' घेतलात तर त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या मैफलीचं मुद्रणही मिळतं. चौघांच्या जोडीला ट्रॉय व्हॅन लीवेन आणि मॅट स्वीनी, आणि नव्या गाण्यांच्या मध्ये १९७७ ची गाणी पेरलेली. आधी स्टुडिओतला अल्बम, मग हे. उलट क्रमाने ऐकलं तर स्टुडिओतला इगी उगाच थकलेला वाटतो.

आणि 'एव्हरी लूझर' आधीच घरात असेल तर विकू नका. दोन बोलके तुकडे वगळा, पहिली पाच गाणी एका दमात ऐका, थोडं थांबा, मग थेट 'कॉमेंट्स' आणि 'द रिजन्सी'. अर्ध्या तासाच्या आत उरकतं, आणि तेवढा वेळ कान तक्रार करत नाहीत.