हिंदवाडीतल्या मसाजवाल्या मॅडम

बेळगावात शहापूरला माझं ब्लाऊज शिवायचं काम आहे. लग्नसराईत जेवायला उठणं सोडलं तर दिवसभर मशीनवरच. उजवा खांदा, मान आणि तिथून कानशिलापर्यंत ठणका. गोळीनं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आमच्या ह्यांच्या मते मालिश म्हणजे तालमीतली. माणूस ओरडला नाही तर पैसे वाया. तशीच एका स्पामध्ये करून घेतली होती, नाव घेत नाही. दंडावर निळे डाग उठले, आणि वर सांगितलं की अंगातलं विष बाहेर पडायलंय.

म्हणून या मॅडमकडे जाताना मनात धाकधूकच होती. आमच्याकडे शिवायला येणाऱ्या एका बाईंनी पत्ता दिला. मॅडम बैलहोंगलकडच्या, घरात कन्नड, मराठी आपली बेळगावची मोडकीतोडकी. फॉर्म कन्नड आणि इंग्लिशमध्ये. बेळगावात बसून मराठीत फॉर्म नाही हे मला खटकलं, आणि तोंडावर बोलूनही दाखवलं. त्या हसल्या आणि एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. बीपीची गोळी चालू आहे काय, रक्त पातळ करायची गोळी, ऑपरेशन, हाताला मुंग्या येतात काय, हातातून कात्री सुटते काय. मग स्टुलावर बसवून म्हणाल्या, "अक्का, मशीनवर कसं बसतावं तसं बसून दाखवा की." मी बसले. विचारून बाजूनं फोटो काढला आणि मलाच दाखवला. डोकं छातीच्या केवढं पुढं आलेलं!

कपडे बदलायला सांगून त्या बाहेर गेल्या, आणि परत येताना दार वाजवलं. अंगावर चादर; जेवढ्या भागावर काम तेवढाच उघडा, झाला की लगेच झाकायचा. आपल्याकडच्या बाईला याचं केवढं बरं वाटतं ते पुरुषांना सांगून कळणार नाही. तेल तळहातावर गरम करून घेतात. सुरुवातीला लांब, सावकाश हात फिरवतात, मग मळतात, आणि आत जायचं ते सगळ्यात शेवटी. "दहापैकी किती दुखतंय? सात झालं की सांगायचं, सोसायचं नाही." मी सवयीनं सोसत होते, तर माझा श्वास अडकलेला त्यांनाच कळला आणि हात हलका केला. दुखण्यानं अंग आणखी ताठ होतं, मग दाबून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं.

मला वाटलं होतं तासभर खांदाच रगडतील. त्यांनी निम्मा वेळ गळपट्टीच्या हाडाखाली छातीवर आणि कोपराच्या पुढच्या हातावर घालवला. पुढं वाकून वाकून छातीचे स्नायू आखडतात आणि मागचे दिवसभर ताणलेले राहतात. ओरडतात मागचे, म्हणून आपण तिथंच चोळत बसतो. आणि कात्री धरून धरून हाताची तर लाकडं झालेली. मग मानेच्या बुडाशी, खांद्याच्या वरच्या कडेला एक गाठ चिमटीत धरली आणि ठणका थेट कानशिलात! माझा ठणका तोच. भिंतीवर तक्ता आहे, कुठली गाठ दाबली की दुखणं कुठं निघतं त्याचा. ट्रॅव्हेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी सायमन्स डॉक्टरांबरोबर हे नकाशे मांडले, आणि याच बाई केनेडी राष्ट्राध्यक्षांच्या डॉक्टर होत्या, ही माहितीही मॅडमनीच पुरवली. विषाचं विचारलं तर म्हणाल्या, ते काम लिव्हर आणि किडनीचं, माझ्या हाताचं नव्हे.

पण माझा खरा विश्वास बसला तो दुसऱ्याच गोष्टीनं. गल्लीतल्या एका काकूंना मी घेऊन गेले होते. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी. मॅडमनी हातसुद्धा लावला नाही. शिरेत रक्ताची गाठ असेल तर चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आजच्या आज दवाखाना गाठा म्हणाल्या. पैसे घेतले नाहीत. काकू चिडल्या, रिक्षाचं भाडं वाया गेलं म्हणून. मला मात्र बाई पटली. समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला धाडस लागतं, शिलाईच्या धंद्यात मला तेवढं जमत नाही.

आता उणं सांगते. जिना अरुंद आणि उभा, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जावं. बासरीची एकच टेप फिरून फिरून. बंद करा म्हटलं की करतात. तासाला हजार रुपये, आमच्यासारख्यांना जड आहेत. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, ते त्या आधीच सांगतात. दुखणं कायमचं गेलं असंही नाही. सीझनमध्ये परत डोकं वर काढतं, फक्त आता कानशिलापर्यंत जात नाही. त्यातलं निम्मं श्रेय स्टुलाला. त्यांच्या सांगण्यावरून उंच करून घेतलं, आणि एक ब्लाऊज झाला की उठून दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती ताणते. गिऱ्हाईक बघून हसतात.

फक्त बायकांनाच घेतात, आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. तेल चादरीतून कपड्याला लागतंच, तेव्हा जुना ड्रेस घालून जा.