रेडिंगच्या हीटिंग इंजिनिअरचा अनुभव – नवा बॉयलर घ्यायच्या आधी वाचा

यूकेत नुकतंच घर घेतलेल्या आपल्या लोकांसाठी हे मुद्दाम लिहितेय, कारण ऐन थंडीत हीटिंग बंद पडलं की समोरचा जे म्हणेल त्याला आपण हो म्हणून मोकळे होतो. आमचं घर रेडिंगला, १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, कॉम्बी बॉयलर, म्हणजे नळाचं गरम पाणी आणि रेडिएटर दोन्ही त्याच्यावरच. जानेवारीत त्याचं प्रेशर सारखं पडायला लागलं. सिस्टिम थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारला हवा, आमचा सकाळी उठून बघावं तर शून्याच्या जवळ, बॉयलर लॉकआउट (म्हणजे आपोआप बंद), घर गारठलेलं, आणि त्यात आई साताऱ्याहून आलेली, तिच्या गुडघ्यांना थंडी अजिबात सोसत नाही.

आमच्याकडे एका मोठ्या कंपनीचं बॉयलर कव्हर आहे, दर महिन्याला पैसे जातात. त्यांचा एक माणूस आला, फिलिंग लूप (नळाचं पाणी सिस्टिममध्ये भरायची जोडणी) उघडून पाणी भरलं, काटा वर आला, सही घेतली आणि गेला. परत पडलं. मग दुसरा आला, त्याने तर बॉयलरला हातही न लावता सांगितलं की हा जुना झालाय, सिस्टिममध्ये गाळ आहे, पॉवरफ्लश करा (यंत्राने जोरात पाणी सोडून सगळी सिस्टिम धुणं) नाहीतर नवीनच बसवा, आणि गाळाचं काम कव्हरमध्ये बसत नाही. नव्याचं कोटेशन ३,००० पौंडांच्या घरात! मला राग आला तो याचा की पाणी जातंय कुठे हा साधा प्रश्न दोघांपैकी एकानेही विचारला नाही. बंद सिस्टिम आहे, त्यातलं पाणी काही हवेत उडून जात नाही.

शेवटी गॅस सेफ रजिस्टरच्या (गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांची यूकेची अधिकृत यादी) साइटवर पोस्टकोड टाकून जवळचा एक इंजिनिअर शोधला, एकटाच काम करतो, स्वतःची व्हॅन. दारात आल्या आल्या त्याने न मागता गॅस सेफचं कार्ड दाखवलं. हे कार्ड उलटं करून मागची बाजू जरूर बघा, कोणत्या प्रकारचं काम करायची त्याला परवानगी आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

त्याने हत्यारांची बॅग उघडायच्या आधी प्रश्न विचारले. हीटिंग चालू असताना काटा कुठपर्यंत जातो? मी बघून ठेवलं होतं, जवळजवळ ३ पर्यंत. मग तो घराच्या बाहेर गेला, बॉयलरच्या मागच्या भिंतीतून एक बारीक तांब्याचा पाइप बाहेर येतो, त्याच्या खालच्या विटा ओल्या होत्या. त्या पाइपच्या तोंडाला प्लास्टिकची छोटी पिशवी बांधली आणि हीटिंग फुल चालू केलं. थोड्या वेळाने पिशवीत पाणी. दोन माणसं येऊन गेली आणि कोणी बाहेर जाऊन बघितलं नव्हतं!

नंतर त्याने मला आणि आईला नीट समजावून सांगितलं (आईला मी मराठीत सांगत होते आणि तो थांबत होता, हे मला फार आवडलं). पाणी तापलं की फुगतं, त्या फुगलेल्या पाण्याला जागा म्हणून एक्स्पान्शन व्हेसल असतं, आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. ती हवा गेली की पाण्याला जागाच उरत नाही, प्रेशर चढत जातं, ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर टाकतो, मग सिस्टिम गार झाली की काटा खाली. म्हणजे वरून कितीही पाणी भरा, ते बाहेरच जाणार. व्हेसलला गाडीच्या टायरला असतो तसलाच व्हॉल्व्ह असतो, त्याची पिन त्याने दाबली, हवा यायला पाहिजे तिथून पाणी आलं, म्हणजे पडदा फाटलेला. नुसती हवा कमी असती तर पंपाने भरून भागलं असतं असं तो स्वतःच म्हणाला.

आमच्या बॉयलरमध्ये व्हेसल अगदी मागे आहे, ते काढायचं तर सगळं खोलावं लागतं, म्हणून त्याने रिटर्न पाइपवर बाहेरून नवीन व्हेसल बसवलं. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला, कारण तो असा वारंवार उघडला की त्यात कचरा अडकतो आणि मग ठिबकतच राहतो. पार्ट आणि मजुरी धरून ३५० पौंडांच्या आसपास झाले. तेव्हापासून काटा जागचा हललेला नाही.

गाळाचं म्हणाल तर तो खरंच होता पण एकाच रेडिएटरमध्ये. मागच्या बेडरूमचा वरून गरम आणि खालून गार, ही गाळाची खूण. वरून गार असेल तर हवा अडकलेली असते, ती रेडिएटरच्या चावीने आपली आपल्याला काढता येते, फक्त नंतर प्रेशर बघायचं. त्याने तेवढाच रेडिएटर काढून बागेत नेऊन होजने धुतला, काळंकुट्ट पाणी निघालं, मग गाळ पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर लावला आणि पाण्यात इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घातलं. याचे पैसे वेगळे, पण आधी सांगून घेतले. फ्लो टेम्परेचर, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान, ७५ अंशांवरून ६० वर आणून ठेवलं, परत येणारं पाणी ५५ च्या खाली असेल तरच कंडेन्सिंग बॉयलर खरा कंडेन्स करतो (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता वापरतो) आणि तेव्हाच गॅस वाचतो. इतक्या वर्षांत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही स्वतः काटा बघा, फिलिंग लूपने पाणी भरा (भरून झालं की दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद), रेडिएटरची हवा काढा, पण बॉयलरचं झाकण मात्र उघडू नका, ते काम गॅस सेफवाल्याचंच. भाड्याने राहत असाल तर हीटिंग दुरुस्त करून द्यायची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, बिनधास्त मागे लागा.

या इंजिनिअरचं उणं काय, तर शनिवार-रविवार येत नाही, फोन क्वचित उचलतो, मेसेजला संध्याकाळी उत्तर देतो आणि कडाक्याच्या थंडीत आठवडाभर थांबावं लागू शकतं. लहान बाळ किंवा म्हातारं माणूस घरात असेल तर मेसेजमध्ये तसं लिहा, आमच्या वेळी आईचं ऐकून त्याने मधेच वेळ काढला. सर्व्हिसिंग करून घ्यायचं असेल तर सप्टेंबरमध्येच नंबर लावा. रेडिंग, वोकिंगहॅम, ब्रॅकनेल इकडच्या कोणाला हवा असेल तर मला मेसेज करा, त्याला विचारून नंबर देते.