वेगळी टाकी की पेट्रोलमध्येच टू-टी? आरएक्स-८ वाल्यांसाठी

रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं, तेल खातं हे सांगायला हा लेख नाही. ज्यांनी माझ्दाची आरएक्स-८ ही रोटरीवाली स्पोर्ट्स कार घेतली त्यांना ते डिपस्टिकने पहिल्याच महिन्यात सांगितलेलं असतं. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. खायचंच आहे, तर कुठलं तेल खावं आणि कुठून यावं?

माझ्दाने दिलेली सोय अशी की मीटरिंग पंप संपमधलंच, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलंच, इंजिन ऑइल उचलतो आणि थेंबाथेंबाने रोटर हाउसिंगमध्ये सोडतो. म्हणजे बेअरिंगं सांभाळून, काजळी आणि थोडं पेट्रोलही पोटात घेऊन काळं पडलेलं तेल रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांच्या, म्हणजे एपेक्स सीलच्या, ताटात वाढायचं. इंजिन ऑइल जळण्यासाठी बनवलेलं नसतं, त्यातली द्रव्यं जळली की राख मागे राहते. टू-स्ट्रोकचं तेल, म्हणजेच टू-टी, मुळात जळून जाण्यासाठीच असतं. इथपर्यंत फारसं कुणी भांडत नाही. भांडण सुरू होतं ते टू-टी आत पोचवायचं कसं यावर.

आपल्या पिढीला दोन्ही मार्ग घरचेच आहेत. बाबांची चेतक पंपावर गेली की लिटरला वीस मिली तेल पडायचं, मग बाबा स्कूटर दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवायचे आणि आम्ही मागे रांगेत उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचो. काकाकडे आरएक्स-१०० होती. तिची तेलाची टाकी वेगळी, पंप आपला आपण तेल ओढायचा, काका पेट्रोल भरून सरळ निघून जायचा. आज माझ्या गाडीपुढे हाच प्रश्न आहे, फक्त नाव आरएक्स-१०० ऐवजी आरएक्स-८. पेट्रोलच्या टाकीतच तेल घालायचं, म्हणजे प्रीमिक्स, हा चेतकचा मार्ग. मीटरिंग पंपाच्या मागे अडॅप्टरची एक प्लेट बसवायची, इंजिन ऑइलची वाट बंद करायची आणि वेगळ्या टाकीतून टू-टी पाजायचं, हा काकाचा मार्ग. रोटरीवाले या प्लेटला सोन अडॅप्टर म्हणतात.

माझी गाडी २००६ ची, सहा गिअरची, मुक्काम मेलबर्न, टार्निट. पहिली अडीच वर्षं मी प्रीमिक्स केलं. मग टाकी बसवली. त्यामुळे जे लिहितोय ते दोन्ही बाजूंचं मीठ खाऊन. आणि हे सगळं २००८ पर्यंतच्या गाड्यांबद्दल आहे. २००९ पासूनच्या गाडीत पंप विजेचे आहेत आणि रचनाच वेगळी, तिथे माझं काही ऐकू नका.

प्रीमिक्सचं आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं बरंच आहे. खर्च जवळजवळ शून्य. एक बाटली, एक मोजपात्र. गाडीला पाना लावायचा नाही, नळ्या नाहीत, गळती नाही. पेट्रोल जिथे जिथे जातं तिथे तेल जातं, आणि ही गोष्ट दिसते तेवढी छोटी नाही. पहिल्या आरएक्स-८ मध्ये दर रोटरला तेलाचे दोनच नॉझल, तेही कडेकडेला. सीलच्या मधल्या भागाला कमी मिळतं अशी तक्रार जुनी आहे आणि माझ्दाने नंतरच्या गाडीत मध्ये तिसरा नॉझल दिला, त्यावरून तक्रार अगदीच हवेतली नसावी. प्रीमिक्समध्ये हा प्रश्न उरत नाही. टाकी बसवली तरी नॉझल तेच दोन राहतात, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

मात्र एक मेख आहे, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मीटरिंग पंप चालू ठेवून लिटरला चारेक मिली टू-टी घातलं, तर ते केवळ वरचं तूप. खाली इंजिन ऑइल जळायचं थांबत नाही, राख व्हायची ती होतेच. राखेचा प्रश्न सोडवायचा तर पंपाची वाट बंद करून प्रमाण दुप्पट करावं लागतं, आणि मग एक दिवस तेल घालायला विसरलात तर सीलना काहीच मिळत नाही. दुसरी गोष्ट उताराची. माउंट डँडेनाँगवरून खाली येताना मी गाडी गिअरमध्येच ठेवतो. पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल तोडतात. पेट्रोल नाही म्हणजे प्रीमिक्सही नाही, आणि इंजिन मात्र तीन-चार हजारावर फिरतंय. मीटरिंग पंप इंजिनावरच चालतो, तो अशा वेळीही थोडं थोडं सोडत राहतो. यात किती नुकसान होतं हे मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. पण एकदा हे डोक्यात आलं की त्या उतारावर मन लागत नाही.

तरीही खरं सांगायचं तर मी या तांत्रिक कारणांनी बदललो नाही. मला प्रीमिक्सपासून घालवलं ते पेट्रोल पंपावरच्या हिशेबाने.

तेल आधी घालायचं आणि पेट्रोल वरून, म्हणजे नीट मिसळतं. पण टाकी फुल करायची असेल तर किती लिटर बसणार हे भरून झाल्यावरच कळतं! काटा पावच्या जरा वर असला की मी अंदाज बांधायचो, चाळीस लिटर बसेल, एकशे साठ मिली घालू. बसायचं चौतीस. पुढच्या वेळी ते वरचं वजा करायचं. मग मी ग्लव्ह बॉक्समध्ये छोटी वही ठेवली, किराणा दुकानाच्या उधारीसारखी: मागचं शिल्लक, आजचं, पुढे नेलेलं. जुलैतल्या सकाळी, चार अंश तापमानात, हातमोजे काढून, अंगठ्याएवढ्या नरसाळ्यातून निळं तेल ओतत उभं राहायचं. मागे एक युटवाला, इंजिन चालू ठेवून, माझ्याकडे बघत. त्या रांगेत बाबांच्या मागचा माणूस मला बरोबर आठवायचा.

बायको गाडी नेते तेव्हा पेट्रोल ती भरते. तिला मी एकदा प्रमाण समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तू औषधाच्या बाटलीसारख्या खुणा करून दे, मी घालीन, पण वही मी भरणार नाही." चूक तिची नव्हती.

कळस झाला गणपतीत. मंडळाच्या आरतीला निघालो, मागे डिकीत मोदकांचा डबा आणि त्याच्याशेजारी, नेहमीच्या कोपऱ्यात, टू-टीची बाटली. झाकण आदल्या दिवशी मीच अर्धवट लावलेलं. पोचेपर्यंत डबा बाहेरून तुळतुळीत. आतले मोदक तसे वाचले, पण उकडीला वास लागायचा तो लागला. एका काकांनी अर्धा मोदक खाऊन विचारलं, "केशर कुठलं हो?" त्या रात्री घरी येऊन मी अडॅप्टर मागवलं.

आता टाकीची बाजू. तीही काही पाटावर बसून केळवण नाही. अडॅप्टर, टाकी, तेलाला टिकणारी नळी, मधला फिल्टर, क्लॅम्प, तळाचा फ्लोट स्विच असं मिळून माझे साडेचारशे डॉलरच्या आसपास गेले, मजुरी धरली नाही कारण मजूर मीच. टाकी पंपापेक्षा उंचावर हवी, तेल वजनानेच खाली यायचं असतं. आरएक्स-८ च्या बॉनेटखाली रिकामी जागा शोधणं म्हणजे दादर स्टेशनवर बसायला बाकडं शोधणं. मी एका मोटरसायकलची दोन लिटरची पांढरी प्लास्टिकची टाकी फेंडरच्या आतल्या भिंतीला बसवली. नळी टाकीपासून पंपापर्यंत सतत उतरती ठेवा, मध्ये कुठे कमान झाली की तिथे हवा अडकते. पहिल्या दोन टाक्या पेट्रोलमध्ये टू-टीही घाला, म्हणजे नळ्यांतली हवा निघेपर्यंत सील कोरडे पडणार नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोम. तेल पोचतंय की नाही हे गाडीला कळत नाही. पंपावरची, तेल कमी-जास्त करणारी छोटी मोटर सांगितलेल्या जागी फिरली की नाही एवढंच कॉम्प्युटर बघतो. टाकी रिकामी असली तरी डॅशबोर्ड हसतमुख. माझ्याकडे एकदा असं झालंच. टाकीवर मी मार्करने रेघ मारून ठेवतो. दोन वेळा पेट्रोल भरून झालं आणि रेघ जागची हलली नाही. पहिल्यांदा मला आनंद झाला, गाडी तेल कमी खाते म्हणून! दुसऱ्यांदा पोटात गोळा आला. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक धुळीने आणि तेलाच्या चिकटाने बुजलेलं. हवा आत जाईना, म्हणून तेल खाली येईना. टाचणीने भोक मोकळं केलं आणि टाकीने चक्क श्वास घेतल्यासारखा आवाज केला. त्या दोन टाक्यांत काय झिजलं असेल ते झिजलं असेल. प्रीमिक्समध्ये हा प्रकार होऊच शकत नाही, हा गुण त्याच्या पदरात टाकतो. तेव्हापासून झाकणाचं भोक दर सर्व्हिसला टाचणी बघतं.

संपमधलं तेल आता खाली जात नाही, याचा आनंद थोडा जपून करा. पूर्वी दर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या आतबाहेर ताजं तेल वरून पडायचं, त्यामुळे जुन्यातली घाण आपोआप विरळ व्हायची. आता तेच तेल पेट्रोल पीत बसतं, म्हणून बदलायची तारीख पाळावीच लागते. बदल्यात संपमध्ये मनासारखं सिंथेटिक टाकता येतं, ते जळणार नसल्यामुळे.

फरक पडला का? कॉम्प्रेशन मी आधी मोजलं होतं, नंतर मोजलं नाही, त्यामुळे आकडा मागू नका. माझी कसोटी एकच आहे: गाडी तापलेली असताना पेट्रोल पंपावर बंद करायची आणि पेट्रोल भरून परत चालू करायची. थकलेली रोटरी इथेच मान टाकते. माझी अजून पहिल्या झटक्यात उठते. प्लग काढले तेव्हा टोकं पूर्वीपेक्षा स्वच्छ वाटली. वाटली म्हणतोय, कारण बघणारा मीच आणि खर्च केलेलाही मीच.

गाडी ट्रॅकवर नेत असाल, इंजिन उघडून मीटरिंग पंप काढूनच टाकलेला असेल, तर प्रीमिक्स करा, दुसरा पर्याय नाहीच. गाडी वर्षभरात विकायची असेल तरी प्रीमिक्सच बरं, पुढच्या मालकाला टाकीचं पथ्य समजावून सांगणं अवघड आणि तो ऐकेलच असं नाही. बॉनेट महिनोन्महिने न उघडणाऱ्यांनी टाकीच्या वाटेला जाऊ नये, असंही मी म्हणेन. बाकी रोज वापरायची गाडी, घरात चालवणारी माणसं दोन, आणि दर दुसऱ्या पेट्रोलला बॉनेट उचलायची सवय असेल, तर माझ्या मते टाकी. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

एकच. अडॅप्टरबरोबर पंपाचं सील जादा मागवा. मी मागवलं नव्हतं. रविवारी दुपारी चार वाजता, गाडी रॅम्पवर, पोट उघडं, आणि जुनं सील बोटात चुरमुऱ्यासारखं तुटलं. सोमवारी मी ऑफिसला ट्रेनने गेलो.