आलापात ‘खट्ट’ नको: मैफलीच्या फोटोंसाठी दोन जुने कॅमेरे

मैफलीच्या फोटोंसाठी कुठला कॅमेरा घ्यावा, या प्रश्नावर गेल्या वर्षी मी तीन महिने घालवले. आता गाण्याला भेटणारे दोघे-तिघे तेच विचारतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. अट अशी होती: लेन्ससकट ६०-६५ हजार, सेकंडहँड चालेल, आणि काम एकच, शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत फ्लॅशशिवाय फोटो काढणं. चाळता चाळता दोन जोड्या उरल्या. कॅनन ६डी आणि त्यावर ८५ मिमी एफ १.८, किंवा फुजीफिल्म एक्स-टी२० आणि त्यावर ५० मिमी एफ २. पहिला २०१२चा फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला; दुसरा २०१७चा एपीएस-सी (लहान सेन्सरचा) मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा. (भाव सारखे वरखाली होतात, तेव्हा घेताना आजचे बघा.)

किट लेन्सचा, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या लेन्सचा, विषय आधीच मिटवतो. (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त.) टोकाला एफ ५.६ असलेली झूम घेऊन मैफलीला जाऊ नका. एफ २ची लेन्स तिच्या आठपट उजेड आत घेते, आणि बॉडी बदलून एवढा फरक या पैशात कधीच मिळणार नाही. बजेट कमी पडत असेल तर बॉडी आणखी जुनी घ्या, पण लेन्सवर काटकसर नको.

६डी मी एका मित्राकडून दोन आठवडे वापरायला आणला होता. खरं सांगायचं तर नुसते फोटो बघितले तर तो सरस आहे. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४००ला त्याच्या फाइलमध्ये जेवढे दाणे दिसतात, साधारण तेवढे मला एक्स-टी२०मध्ये ३२००ला दिसतात. म्हणजे एका स्टॉपचा (उजेडाच्या दुपटीचा) फरक, आणि मैफलीत एक स्टॉप म्हणजे शटर १/१२५ सेकंद की १/२५० एवढा प्रश्न असतो. फोकसचे बिंदू अकराच, पण मधला बिंदू अंधारात फार इमानी. मागच्या निळ्या पडद्यासमोर गायकाचा चेहरा अर्धा काळोखात असला तरी तो झटकन पकडतो. तिथेच एक्स-टी२० कधीकधी पुढे-मागे चाचपडत राहतो, आणि तेवढ्यात तान संपलेली असते.

उलट, काळ्या पडद्यासमोर पांढरा झब्बा घातलेला गायक असला की कुठल्याही कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर गोंधळतं. एक्स-टी२०च्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो कसा येणार ते दाबायच्या आधीच दिसतं, त्यामुळे मी मॅन्युअलवर चाक फिरवत चेहऱ्याचा रंग जुळवून घेतो. ६डीत काढायचं, मागे बघायचं, पुन्हा काढायचं. आणि मागे बघायचं म्हणजे अंधारात आपला स्क्रीन मागच्या रांगेच्या डोळ्यांत. वजनाचं म्हणाल तर ६डीची जोडी जवळजवळ १२०० ग्रॅम भरते, फुजीची सहाशेच्या आत. चार तास मांडी घालून बसल्यावर हा फरक मनगटाला कळतो.

इथपर्यंत माझं पारडं ६डीकडेच झुकत होतं.

मग एक जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी एका घरगुती बैठकीत मी उसना डीएसएलआर घेऊन बसलो होतो. साठ-सत्तर माणसं, एक माइक, दोन तानपुरे. बाई मारवा गात होत्या. कोमल रिषभावर आवाज थांबला, डोळे मिटले, उजवा हात हवेत तसाच राहिला. हाच फोटो, म्हणून मी दाबलं. खट्ट-खळ्ळ. त्या शांततेत पितळी भांडं पडावं तसा तो आवाज. बाईंनी डोळे उघडले नाहीत, पण भुवई हलली. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचा तास कॅमेरा मी मांडीखालीच ठेवला.

डीएसएलआरमध्ये आरसा वर उडतो, पडदा सरकतो, आरसा खाली येतो. प्रत्येक फोटोला दोन ठोके ठरलेले. ६डीला सायलेंट मोड आहे. त्यात हालचाल मवाळ होते आणि आवाज बराच कमीही होतो. पण कमी म्हणजे बंद नव्हे. मी घरी तानपुऱ्याचं ॲप लावलं, आईला पाठ करून सोफ्यावर बसवलं आणि सांगितलं, ‘क्लिक ऐकू आला की हात वर कर.’ ६डीच्या सायलेंटला दहातून नऊ वेळा हात वर. एक्स-टी२०च्या इलेक्ट्रॉनिक शटरला (यात पडदा हलत नाही, सेन्सरच फोटो टिपतो) एकदाही नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, ‘सुरू केलंस का?’ ही काही प्रयोगशाळा नव्हे, पण मला तेवढं पुरलं.

यावर अनुभवी लोक एक युक्ती सांगतात: समेवर दाबा. तबल्याचा ‘धा’, लोकांची ‘वा’, त्यात क्लिक बुडून जातो. युक्ती खरी आहे. पण समेवरचे फोटो सगळे सारखेच येतात: तोंड उघडं, हात खाली आपटलेला, तबलजी हसतोय. गवयाचा खरा चेहरा मला तरी आलापात, मींडेच्या मध्यावर दिसतो, जेव्हा सभागृहात पंख्याचाही आवाज येत असतो. ज्या क्षणांसाठी मी कॅमेरा घेणार, नेमके तेच क्षण आवाजाच्या कॅमेऱ्याने मला सोडून द्यावे लागणार होते. म्हणून मी एक्स-टी२० घेतला.

आता त्याची दुखणीही सांगायला हवीत. इलेक्ट्रॉनिक शटर अख्खा फोटो एका क्षणात टिपत नाही. वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि त्याला सेकंदाचा विसावा-पंचविसावा भाग लागतो. मधल्या वेळात स्वस्त एलईडी दिवे लुकलुकत असतात, तेव्हा फोटोवर आडवे पट्टे उमटतात. माझ्या पहिल्याच कार्यक्रमातले चाळीसेक फोटो त्यात गेले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यावर असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. म्हणून शटर १/१०० किंवा १/५०ला आणलं की बहुतेक ठिकाणी पट्टे जातात. डिमरवर चालणाऱ्या काही रंगीत दिव्यांना मात्र हा हिशोब लागू पडत नाही. आलापात १/१०० पुरतं, कारण गायक जवळजवळ स्थिर असतो. द्रुतमध्ये पुरत नाही, शिवाय ओळीओळीने वाचल्यामुळे तबलजीची बोटं कधीकधी वाकडी येतात. तेव्हा मी मेकॅनिकल शटरवर जातो. त्याला आवाज आहे, पण आरसा नसल्यामुळे लहान, आणि द्रुत त्रितालात तो ऐकायला कोण बसलंय?

मिररलेस म्हणजे आपोआप नि:शब्द, असंही समजू नका. सेकंडहँड बाजारात ज्याच्यावर सगळ्यांची नजर जाते त्या सोनी ए६०००मध्ये सायलेंट शटर नाही. ते ए६३००मध्ये आलं. मी जवळजवळ पैसे दिले होते.

तुम्ही काय काढणार यावर बरंच अवलंबून आहे, हे कबूल. ऑर्केस्ट्रा, रॉक बँड, गणेशोत्सवातले मंडपातले कार्यक्रम यांना जाणार असाल तर माझी सगळी तक्रार गैरलागू आहे. ६डी घ्या, अंधारात तो जास्त साथ देईल. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या हजारोंच्या मंडपातही आरसा कुणाला ऐकू जाणार नाही (तिथे प्रेक्षकांतून ८५ मिमीही पुरणार नाही, हा भाग वेगळा). पण पुण्या-मुंबईतल्या घरगुती बैठका, दीड-दोनशे खुर्च्यांची सभागृहं, पहाटेचे राग असं तुमचं वेळापत्रक असेल, तर एक स्टॉपचे दाणे सोसावेत असं मला वाटतं. छापलेल्या फोटोत दाणे मला कुणी दाखवलेले नाहीत.

दोन किरकोळ गोष्टी. एक्स-टी२०ची बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार ३५० फोटोंची, ६डीची हजाराच्या पुढची. त्यात आवाज नसल्याने हात थांबत नाही. मी एका रात्रीत सहाशे काढतो, म्हणून तीन बॅटऱ्या बाळगतो. आणि कॅमेऱ्याला फोकसचा मदतदिवा असेल तर तो मेन्यूतून बंद करा. एक्स-टी२०चा तो दिवा अंधारात थेट गवयाच्या तोंडावर पडतो, आणि आवाज बंद करून बसल्याचा सगळा फायदा तिथेच संपतो.