स्पिटफायरचे क्रॉस बदलताना: निपलचा की बंद, शेगड्यात की प्रेसवर?

क्लच सोडला की मागून ‘टक्’. रिव्हर्समधून पहिल्यात टाकली की परत ‘टक्’. सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या मित्राची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री वर्षभर अशी टकटकत होती, आणि इकडे साताऱ्यात वडिलांच्या वेळची आमची स्टँडर्ड हेराल्ड तिला साथ देत होती. शेवटी एकाच उन्हाळ्यात दोघांनी क्रॉस बदलले. क्रॉस म्हणजे फिरत्या शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या खुणेसारखा तुकडा; त्याच्या चारी टोकांवर कप, आणि कपात निडल म्हणजे बारीक सळया. त्यानं एका वाटेनं, मी दुसऱ्या. दोघांनीही थोडं शहाणपण केलं, थोडा गाढवपणा. तुमच्या गाडीखाली हीच टकटक सुरू झाली असेल आणि कुठला क्रॉस घ्यावा, कुणाकडून बसवावा हे ठरत नसेल, तर आमचे दोन्ही हिशेब समोरासमोर मांडतो.

या दोन गाड्या म्हणजे चुलत बहिणी. हेराल्ड इंग्लंडात १९५९ला आली, तिचीच चासी आखूड करून १९६२ला स्पिटफायर निघाली. दोघींची अंगकाठी इटलीच्या मिकेलॉट्टीनं आखलेली. आपल्याकडची हेराल्ड मद्रासला बनायची. दोघींच्या मागच्या अंगाला चार क्रॉस: दोन प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागं जाणाऱ्या दांड्याच्या) दोन टोकांना, आणि प्रत्येक हाफ शाफ्टच्या (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) आतल्या टोकाला, डिफरन्शियलला चिकटून, एकेक. (जॅग्वार ई-टाइपवाल्यांना सहा बदलावे लागतात. त्यांचं दुःख त्यांच्यापाशी.)

आमच्या मिस्त्रींनी गाडी नुसती मागं-पुढं ढकलून निकाल दिला, “क्रॉस गेल्यात सायेब, चारी टाका.” निकाल बरोबर निघाला, पण तुम्ही खात्री केल्याशिवाय पैसे घालू नका. पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, गाडी न्यूट्रलला. एका हातात फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टनं जोडतात ती चकती), दुसऱ्यात शाफ्ट धरून उलटसुलट पिळा. क्रॉसमध्येच खेळ असेल तर डोळ्याला दिसतो. दुसरी खूण म्हणजे कपाच्या कडेला तांबडी भुकटी. आतलं ग्रीस संपून निडल गंजल्या की ती बाहेर येते, आणि अशी गाडी हळू चालवली की वेगाप्रमाणे ‘चिक् चिक्’ ऐकू येतं. भुकटी दिसली की त्या क्रॉसला ग्रीस मारून काही होत नाही. मी मारून बघितलंय. आठवडाभर चिकचिक थांबली, एवढंच.

आता निवडीचं बोलू. सगळेजण ‘निपलवाला (ग्रीस भरायचं तोंड असलेला) चांगला की सीलबंद’ इथून सुरुवात करतात. मी म्हणतो, आधी कुठला सांधा ते सांगा. प्रोपेलरचा क्रॉस आणि हाफ शाफ्टचा क्रॉस दिसायला सारखे असले तरी त्यांची नोकरी वेगळी आहे.

स्पिटफायर मार्क थ्रीचा मागचा रेशो ४.११. म्हणजे चाक एकदा फिरतं तेव्हा प्रोपेलर चार वेळा फिरून झालेला असतो. हायवेला ताशी ८०नं चाललात तर चाक मिनिटाला साधारण साडेसातशे फेरे घेतं, प्रोपेलर तीन हजार. पण जोराचं गणित उलटं आहे. डिफरन्शियल तोच जोर चौपट करून दोन चाकांत वाटतं, म्हणून एकेका हाफ शाफ्टवर प्रोपेलरच्या साधारण दुप्पट पीळ येतो. वर या गाड्यांत हाफ शाफ्ट हाच सस्पेन्शनचा एक हात. वळणावर चाकाला बाजूनं जो रेटा बसतो, तोही या एकाच क्रॉसमधून जातो. यवतेश्वरच्या घाटात एखाद्या वळणावर गाडी रेटली की तो बिचारा पिळलाही जात असतो आणि दाबलाही. प्रोपेलरचा क्रॉस गेला तर गाडी थरथरते. हाफ शाफ्टचा पुरता गेला तर चाकाला धरून ठेवणारा सांधाच जातो. ‘अजून एक सीझन काढू’ हे प्रोपेलरबद्दल एकवेळ चालेल, मागच्या दोघांबद्दल अजिबात नाही.

म्हणून हाफ शाफ्टला मी सीलबंद क्रॉस घातले. निपलच्या क्रॉसला ग्रीस जायला आतून भोकं पाडलेली असतात, आणि जिथं भोक तिथं पोलाद तेवढं कमी. सीलबंदाचा गाभा भरीव असतो, सीलही चांगले असतात. त्याची खोट एकच: आत पाणी शिरलं तर ते बाहेर काढायची वाट नाही. निपलवाल्याला पंप मारला की चारी कपांतून जुनं काळं ग्रीस, पाणी, गंज सगळं बाहेर येतं आणि मागून ताजं दिसायला लागतं. हा फायदा खराच. पण पंप मारणारा पाहिजे. मित्रानं चारी ठिकाणी निपलचेच घातले, कारण सांगलीत पुराच्या पाण्याचा त्यानं धसका घेतलाय. चांगलं कारण आहे. मग मी विचारलं, “शेवटचं ग्रीस कधी मारलंस?” तर साहेब विषय बदलून कृष्णेच्या पातळीवर बोलायला लागले.

प्रोपेलरला मात्र मीसुद्धा निपलचेच बसवले. तिथं पीळ कमी, फेरे जास्त. फेरे जास्त म्हणजे ग्रीसची गरजही जास्त. मागचा निपल गाडीखालून हाताला येतो. पुढच्यासाठी गिअरबॉक्सवरचं कव्हर गाडीच्या आतून काढावं लागतं, म्हणून तो मी गिअरबॉक्सचं तेल बघतानाच उरकतो. निपल बसवताना त्याचं तोंड शाफ्टच्या नळीकडे ठेवा, फ्लँजकडे नको, नाहीतर पंपाचं नोजल लागणारच नाही. ग्रीस साधं लिथियमचं ईपी टू, आणि पंप हाताचाच. हवेच्या पंपानं नवे सील फाटतात.

आणायचा कुठून, हा पुढचा घोळ. इंग्लंडहून मागवलेला क्रॉस गाडीच्या मापाचा येतो, पण कुरिअर आणि कस्टमनं किंमत बरीच चढते, शिवाय वाट बघावी लागते. आपल्या बाजारात जीपचे क्रॉस ढिगानं मिळतात, आणि काउंटरवरचा माणूस हमखास म्हणणार, “हेच बसतं हो.” बसेलही, पण आधी मोजा. व्हर्नियर घेऊन दोन मापं घ्या, कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर. १३१० नावाच्या मालिकेचा क्रॉस घ्या उदाहरणाला: कप २७ मिमी, लांबी सुमारे ८२. दुसऱ्या एखाद्या क्रॉसचा कप तोच २७ असून लांबी वेगळी असू शकते. असा क्रॉस योकच्या (क्रॉस धरणाऱ्या दोन कानांच्या बेचक्याच्या) भोकात मजेत शिरतो आणि सर्क्लिपच्या (कप अडवणाऱ्या कडीच्या) खाचेपाशी येऊन घात करतो. सर्क्लिपची खाच योकच्या भोकात आतून आहे की कपावर बाहेरून, हेही बघा. जुना क्रॉस खिशात घालून दुकानात जाणं सगळ्यात सोपं.

बसवण्याबद्दल मात्र आम्हा दोघांत अजून वाद आहे. मी घरी शेगड्यात (व्हाइसमध्ये) केलं, त्यानं वर्कशॉपमध्ये प्रेसवर.

घरचं काम अवघड नाही, किचकट आहे. फ्लँज सोडवण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची रेघ मारा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. प्रोपेलरच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात. कारण कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं राहतो. १० अंशाच्या कोनाला दीड टक्का, २० अंशाला सहा. एका टोकाची ही ओढाताण दुसरं टोक फेडतं, ते दोघं एका रेषेत असले तरच. सर्क्लिप काढा, मग एका बाजूला कपापेक्षा लहान गोटी (पान्याचं सॉकेट), दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढी मोठी गोटी, आणि शेगडा आवळा. एक कप समोरच्या मोठ्या गोटीत सरकतो. हाफ शाफ्ट सोडवताना शॉकअपचा बोल्ट काढण्याआधी खालून जॅकचा आधार द्या, पाटा अजून ताणलेला असतो. ब्रेकचा होज सुटतो, म्हणजे शेवटी ब्लीडिंग, ब्रेकमधली हवा काढणं, हेही आलं.

माझा अर्धा रविवार एका निडलनं खाल्ला. तिसरा कप दाबला, तो खाचेच्या अलीकडे जेमतेम एक मिलिमीटर राहिला आणि पुढं जाईना. मला वाटलं माप चुकलं. शेगडा आणखी आवळणार, एवढ्यात शेजारचे निवृत्त टर्नरकाका, उभी हयात एमआयडीसीत लेथवर काढलेले, कुंपणावरून म्हणाले, “आवळू नको. काढ तो कप.” काढला, तर तळाशी एक निडल आडवी पडलेली, काडीपेटीतल्या काडीसारखी. आणखी एक पीळ दिला असता तर कपाचा तळच फुटला असता. काकांनी ग्रीसचं बोट फिरवून सगळ्या निडल पुन्हा भिंतीला चिकटवल्या आणि म्हणाले, “कप घालताना क्रॉस त्याच्यात थोडा शिरलेला ठेवायचा. मग एकही पडत नाही.” तसं केल्यावर पुढचे पाचही कप एका दमात बसले.

प्रेसवाल्यांचं काम झटपट होतं आणि कप सरळ जातात. पण प्रेस आहे की फक्त घण आहे, हे स्वतः डोळ्यांनी बघा. मित्रानं पहिल्यांदा जिथं शाफ्ट दिला तिथं तो त्याच्या देखत नाही बसवला. परत आला तेव्हा योकच्या एका कानावर घणाचे चट्टे होते, आणि क्रॉस एका दिशेला लोण्यासारखा, दुसऱ्या दिशेला दाताळ. कान किंचित आत वाकला होता. दुसऱ्या वर्कशॉपनं तो सरळ केला, पण मला विचाराल तर तो योक तेव्हाच बदलायला हवा होता. बसवल्यावर क्रॉस चारी दिशांना सारखा, जरा घट्ट पण अडखळत नाही असा फिरला पाहिजे. किंचित आखडला असेल तर योकच्या कानाला तांब्याच्या हातोडीनं हलकी टिचकी द्यायची, कप बाहेरच्या बाजूला सर्क्लिपला टेकतो आणि मोकळा होतो. दाताळ लागला तर मात्र परत काढा, निमूटपणे.

माझं मत: शेगडा भक्कम असेल, तर प्रोपेलरचे दोन घरी करा. हाफ शाफ्टचे प्रेसवर द्या, पण समोर उभं राहून.

राहिला पूर्ण शाफ्टच बदलायचा प्रश्न. नुसता क्रॉस बदलायला हाफ शाफ्टवरचा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) काढावा लागत नाही, अख्खा जुडगा तसाच बाहेर येतो. शाफ्ट बदलायचा म्हटलं की हब काढणं आलं, आणि तो टेपरवर असा काही चिकटलेला असतो की त्याच्या खास पुलरशिवाय नाद करू नये. तेव्हा शाफ्ट बदलायची कारणं दोनच धरा: योकमधलं कपाचं भोक लांबट झालंय आणि कप हातानं शिरतोय, किंवा बाहेरच्या बाजूला चाकाजवळचं निडल बेअरिंग थेट शाफ्टवर फिरतं तिथं नखाला लागेल अशी खाच पडलीय. भोकात वेल्डिंग भरून पुन्हा बोअर करून देणारे भेटतात. प्रोपेलरला तो धोका तुम्ही पत्करा हवा तर. हाफ शाफ्टला मी माझ्या गाडीत पत्करणार नाही. क्रॉसऐवजी बसणाऱ्या सीव्ही जॉइंटचे तयार संचही मिळतात. रेसिंगवाल्यांना ठीक, साताऱ्याहून वाईला मिसळ खायला जाणाऱ्याला कशाला?

फ्लँजचे बोल्ट यूएनएफ, म्हणजे इंची बारीक, आट्यांचे आणि हाय टेन्साइल असतात. त्यांच्या जागी हाताला लागलेले मेट्रिक बोल्ट रेटू नका, आणि नायलॉक नट दरवेळी नवे घ्या. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावून बघा.

माझ्या हेराल्डची टकटक पहिल्याच फेरीला गेली. मित्राची मात्र चारी क्रॉस नवे होऊनही अर्धी उरली. दोन आठवडे आम्ही डिफरन्शियलला नावं ठेवली. मग एका संध्याकाळी त्यानं तारेच्या चाकाचं मधलं नट काढलं, चाक ओढलं, तर हबवरचे स्प्लाइन (चाक ज्यांत अडकतं ते दाते) झिजून करवतीच्या दातांसारखे टोकदार झालेले. आता तो नव्या हबच्या शोधात आहे.