मूलपेशी प्रत्यारोपणानंतर घरी येणारी परिचारिका: सहा आठवड्यांचा अनुभव

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी वयाच्या ६७ व्या वर्षी माझ्याच मूलपेशी (रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशी) वापरून माझे प्रत्यारोपण झाले. वय आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहून डॉक्टरांनी प्रत्यारोपणाआधीच्या मेलफॅलन या केमोथेरपीच्या औषधाची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २०० ऐवजी १४० मिलिग्रॅम ठेवली. १९ दिवसांनी घरी आलो तेव्हा पांढऱ्या पेशी वर आल्या होत्या, पण न्हाणीघरापर्यंत जाऊन आलो तरी पलंगावर बसून दम घ्यावा लागत असे. मुलगा परदेशी आणि पत्नीचे गुडघे दुखरे, त्यामुळे पुण्यातील एका संस्थेकडून रोज बारा तासांसाठी परिचारिका घेतली. दिवसाचे १,५०० रुपये ठरले.

पहिल्याच दिवशी आलेल्या सिस्टरांनी मला हात लावण्याआधी स्वतःचे हात साबणाने धुतले, मास्क नीट बसवला आणि कबुतरांनी घाण केलेल्या गॅलरीचे दार बंद करून घेतले. तुळशीच्या कुंडीतील माती मी उकरायची नाही, हेही त्यांनी पत्नीला बजावले, कारण मातीत आणि विष्ठेत वाढणारी बुरशी प्रतिकारशक्ती घटलेल्या माझ्यासारख्याच्या फुप्फुसांना झेपत नाही. दंडातील पिक लाइनचे (औषधे देण्यासाठी शिरेत बसवलेल्या बारीक नळीचे) ड्रेसिंग त्या दर आठवड्याला बदलत आणि सकाळ-संध्याकाळचे तापमान वहीत टिपून ठेवत. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पारा १००.६ वर गेला. मी पॅरासिटामॉल मागितली, तेव्हा त्यांनी गोळी न देता आधी रुग्णालयात फोन लावला, कारण गोळीने ताप उतरतो, संसर्ग मात्र आत राहतो आणि डॉक्टरांना तो लवकर दिसत नाही. तासाभरात मी रुग्णालयात होतो आणि रक्ताचे नमुने घेऊन प्रतिजैविक सुरू झाले होते. माझ्या लेखी सहा आठवड्यांचे पैसे त्या एका संध्याकाळीच वसूल झाले.

संस्थेच्या कार्यालयाबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही. सिस्टरांच्या सुटीच्या रविवारी बदली म्हणून पाठवलेली मुलगी सर्दीने शिंकत दारात उभी राहिली; तिला परत पाठवल्यावरही त्या दिवसाचे पैसे लावले गेले आणि ते परत मिळवायला चार फोन करावे लागले. त्यांचा 'रुग्णाहार' डबा तर घेऊच नये. डॉक्टरांनी ताजे, गरम आणि पूर्ण शिजलेले अन्न सांगितले असताना पहिल्याच डब्यात काकडीची कोशिंबीर निघाली. तोंडाची चव गेल्यामुळे मला सगळेच लोखंडासारखे लागत होते, ही गोष्ट वेगळी. शेवटी घरची मऊ मुगाची खिचडी आणि मीठ घातलेली पेज यांवरच ते दिवस निघाले.

त्यामुळे परिचारिकेला पाचपैकी पाच आणि कार्यालयाला दोन गुण. आगाऊ रक्कम भरण्याआधी रोज एकच व्यक्ती येणार का, तिने केमोथेरपीनंतरचे रुग्ण सांभाळले आहेत का आणि बदलीवर येणाऱ्याची प्रकृती कोण तपासते, हे लेखी विचारून घ्यावे. महिन्याचे एकत्रित पॅकेज स्वस्त दिसते, पण मध्येच पुन्हा दाखल व्हावे लागले तर ते दिवस वजा होत नाहीत. माझे चार दिवस तसेच गेले. सातव्या आठवड्यापासून मी जिना चढू लागलो आणि सिस्टर आता केवळ ड्रेसिंगपुरत्या येतात. डब्याच्या जाहिराती मात्र अजूनही रोज येतात.