जुनी आयडीई डिस्क नव्या स्वस्त पीसीला जोडायची: कन्व्हर्टर, कार्ड की यूएसबी?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून इंटेलच्या एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि २४० जीबीचा एसएसडी आणून पीसी जुळवला, की माळ्यावरच्या जुन्या डब्याची आठवण होते. त्यातल्या ८० जीबीच्या डिस्कमध्ये बारशाचे फोटो असतात, वडिलांनी टाइप केलेली पत्रं असतात. आणि नव्या बोर्डवर तिचा तारांचा चपटा पट्टा लावायला जागाच नसते. या पट्ट्याच्या जुन्या जोडणीलाच आयडीई म्हणतात. इंटेलने २००६च्या आयसीएच८ या चिपपासून डेस्कटॉपच्या चिपसेटमधून, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपांमधून, आयडीई काढून टाकलं. पुढे काही वर्षं बोर्डवाले वेगळी चिप बसवून एखादा कनेक्टर देत होते, पण एच६१च्या स्वस्त बोर्डांवर तोही सहसा मिळत नाही.

आधी डिस्कची मागची बाजू बघा. इंग्रजी एल आकाराच्या दोन चपट्या खाचा असतील तर ती साटा (आयडीईनंतरची, आजही चालणारी जोडणी) आहे आणि तुमचं काम सोपं आहे. ती थेट लागते, वेगाची पिढी जुनी असली तरी. रुंद, पिनांच्या दोन रांगांचा सॉकेट असेल तर ती आयडीई. पुढचं सगळं तिच्यासाठी.

पहिला मार्ग आयडीई-टू-साटा कन्व्हर्टरचा. डिस्कच्या पाठीला बसणारी छोटी पट्टी, स्वस्त आणि कॅबिनेटच्या आत राहणारी. पण ती चिडवते फार. डिस्कचा जंपर (मागच्या पिनांवरची छोटी टोपी) बहुधा मास्टरवर, म्हणजे पहिल्या डिस्कच्या जागीच लागतो. दोन्ही दिशांनी चालणारी पट्टी असेल तर तिचा स्विचही बरोबर बाजूला हवा. शिवाय डिस्कला मोलेक्स (विजेचा चार पिनांचा मोठा प्लग) आणि पट्टीला बऱ्याचदा फ्लॉपीचा छोटा प्लग, अशी दोन ठिकाणी वीज द्यावी लागते. एवढं करून काही बोर्डांवर बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, डिस्क दिसतच नाही.

दुसरा मार्ग पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये बसणारं आयडीई कार्ड. चार-पाच जुन्या डिस्क एकामागून एक वाचायच्या असतील तर हे बरं, कारण एका पट्ट्यावर दोन डिस्क लागतात. ८० तारांचा पट्टा घ्या: निळं टोक कार्डाला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला, म्हणजे दुसऱ्या डिस्कला. एकाच डिस्कसाठी मात्र कार्ड घेऊ नका. तो पैसा रॅममध्ये घाला.

तिसरा मार्ग यूएसबीचा संच, आणि माझं मत सरळ त्याच्या बाजूने आहे. एका तोंडाला ४० पिनांचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपच्या डिस्कसाठी ४४ पिनांचा, आणि बहुतेक संचांत साटाही. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. म्हणून सोबत वेगळा पॉवर अ‍ॅडॅप्टर आहे ना, ते दुकानातच बघून घ्या. यूएसबी २.० वर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो. अख्खी ८० जीबी भरलेली असली तरी मोठ्या फायली पाऊण तासात उतरतात, बारीकसारीक फोटोंना जास्त वेळ लागतो. एकदाच करायचं काम आहे, त्यासाठी कॅबिनेट उघडायचीही गरज नाही. आणि डिस्क मध्येच अडखळली तर नवा पीसी तिच्यापायी सुरू व्हायचा थांबत नाही.

कुठलाही मार्ग घ्या, सॉकेट लावताना घाई नको. चाळीसपैकी विसावी पिन मुद्दाम गाळलेली असते, तीच खूण. पट्ट्याची लाल कड पॉवरच्या प्लगकडे. मी एकदा उलटा दाबला आणि कडेची पिन आडवी झाली. शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलीचं तोंड त्या पिनवर चढवून ती हळूहळू उभी केली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

जुनी साटा डिस्क दुसरी डिस्क म्हणून कायमची ठेवायची असेल, तर आधी डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवा. पेंडिंग सेक्टरचा (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा शून्याच्या वर असेल तर फक्त डेटा काढून घ्या आणि तिला निवृत्त करा. एसएमपीएसमध्ये (पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये) साटाचा प्लग कमी पडला म्हणून मोलेक्सवरून साटा करणारी केबल घेताना, ज्यात तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात ती टाळा. त्या आतून शॉर्ट होऊन वितळल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. तारा वेगवेगळ्या दिसणारी, दाबून बसवलेली घ्या.

आयडीई डिस्क मात्र पीसीत कायमची बसवू नये, असंच मी सांगेन. ८० जीबी आज पेनड्राइव्हमध्ये मावतात. तेवढ्यासाठी आवाज, उष्णता आणि पंधरा-वीस वर्षं फिरलेल्या मोटरची धाकधूक कशाला?

कॉपी करताना विंडोजने जुन्या युजरचं फोल्डर उघडू दिलं नाही तर घाबरू नका. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटीमध्ये जाऊन त्याची मालकी आपल्या नावावर घ्या. आणि जुन्या विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डर विसरू नका. वडिलांची पत्रं श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली असतील, तर तो फॉन्ट नव्या पीसीत टाकेपर्यंत पडद्यावर नुसती इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसते.